भिंतीला डोकं टेकणारी कुत्री

११ जानेवारी

आले एकदाची. दोन ट्रंका, पुस्तकांची तीन खोकी आणि मांडीवर धरून आणलेला मायक्रोस्कोप. टेंपोवाला म्हणाला, बाई, तान्हं बाळ असल्यासारखं धरलंय. मी म्हटलं, बाळ पडलं तर ते रडतं, हा पडला तर मी रडेन. तो वाटभर हसत होता.

काम मनासारखं मिळालंय. जनावरांचा दवाखाना, आणि मी बघायचं ते फक्त मेंदू आणि मज्जातंतूंचं दुखणं, कुत्र्यांचं आणि मांजरांचं. शहरात सहा वर्षं हेच करत होते, पण तिथे वरचे साहेब मला नखं कापायलाही बसवायचे आणि मी तोंड उघडलं की चिडखोर म्हणायचे. इथे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पत्रातच लिहिलं होतं, झटक्यांचे रुग्ण फार येतात, जाणकार माणूस हवं. वाचून मला पंख फुटले.

खोली दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, एका घराच्या गच्चीवर. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसतं. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवतात तिथे. अर्धं गाव तिथेच कामाला. घरमालकीण माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, पण मी वहिनी म्हणते आणि ती मला डॉक्टरताई. तिचा नवराही भट्टीवरच. अडीच वर्षांची मुलगी आहे, सगळे ठकू म्हणतात. सामान लावत होते तेव्हा ठकू ट्रंकेवर चढून बसली. गुडघ्यावर टिचकी मारायची रबरी हातोडी तिला सापडली. मी तिच्या गुडघ्यावर हळूच मारली, पाय आपोआप उडाला, आणि ती इतकी खिदळली की मला ते अकरा वेळा करावं लागलं.

सगळ्यावर एक करडी धूळ असते. वहिनी म्हणाली, दिवसातून दोनदा पुसायची, सवय होते.

१६ जानेवारी

दवाखाना स्वच्छ आहे. तपासणीच्या खोलीत उत्तरेचा उजेड, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे औषधांची खोली. मोठे डॉक्टर हळू आवाजात बोलतात. उजवा हात कायम कोटाच्या खिशात. माझ्याशी हात मिळवला तोही डावा. ड्रेसरकाका वीस वर्षांपासून मलमपट्टी करतायत आणि वीस वर्षांपासून कुरकुरतायत. मला म्हणाले, तुमच्याआधीचे डॉक्टरही पहिल्या आठवड्यात असेच हसायचे.

पहिला रुग्ण बिस्कुट, शिंपीणबाईंचा तपकिरी कुत्रा, दीड वर्षाचा. आठ दिवसांत तीन झटके. जमिनीवर सोडला तर डावीकडे गोल गोल फिरत राहिला, घड्याळाच्या उलट. पंजा उलटा ठेवला की धड कुत्रं तो लगेच सरळ करतं. बिस्कुटला पत्ताच नव्हता. डोळ्यांसमोर एकदम हात नेला, पापणी हलली नाही. पण टॉर्च मारला तर बाहुली झटकन लहान झाली. म्हणजे डोळा शाबूत, बघणारा मेंदू बंद. अशी केस बघून मला आनंद झाला, आणि शिंपीणबाईंचा चेहरा बघून स्वतःची लाज वाटली. झटके थांबवायच्या गोळ्या दिल्या.

२ फेब्रुवारी

सतरा दिवसांत चौदा रुग्ण. सगळी लहान कुत्री, वर चार मांजरं. एक मांजर सारखं हवेतल्या माश्या पकडायचं, माशी एकही नसताना. आधी मला पिसाळण्याची धास्ती वाटली. मेलेल्या दोघांचे मेंदू तपासायला पाठवले, तसं काही निघालं नाही. कुत्र्यांना झटके आणणारा दुसरा ताप, डिस्टेंपर, म्हणावा तर बहुतेकांना लस दिलेली आहे. मग काय आहे हे?

आज दुपारी गल्लीतून येताना थबकले. पाच कुत्री होती. प्रत्येक वेगळ्या घरापाशी, आणि प्रत्येक भिंतीला कपाळ टेकून उभं. शिक्षा केलेल्या मुलांसारखी. मी चुटक्या वाजवल्या, पाय आपटला. एकही वळलं नाही, एकही भुंकलं नाही. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, उभी राहतात ती तशीच, ऊन लागत असेल. तेवढ्यात कुणीतरी साखर कमी मागितली आणि त्याने भरला पेला त्या माणसाच्या अंगावर फेकला. कुणालाही नवल वाटलं नाही. या गावात सगळ्यांच्याच नाकावर राग. ड्रेसरकाका म्हणतात, इथे बाळ जन्मतं तेच भांडत.

१९ फेब्रुवारी

सापडलं.

बिस्कुटच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली धरला. तांबड्या पेशींमध्ये बारीक निळे ठिपके, वाळू फेकल्यासारखे. शिसं. बाकी अकरा काचा बघितल्या. सगळीकडे तेच.

मग डोळ्यांपुढचं दिसायला लागलं. इथे प्रत्येक दारात कुत्र्यांसाठी पाण्याचा काळा डबा असतो. तो डबा म्हणजे अर्धी कापलेली बॅटरीची पेटी. भट्टीवरून घरी आणतात. महिनाभर मी त्याला वळसा घालून चालत होते. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. दुपारी गल्लीगल्लीतून फिरले आणि दिसेल तो डबा लाथेने उलटा केला. बायकांनी शिव्या घातल्या. एका म्हातारबुवांनी काठी उगारली. घालू देत. रक्ताचे नमुने शहरात पाठवलेत.

७ मार्च

आकडे आले. जेवढं शिसं रक्तात असायला नको त्याच्या दसपट, बारापट. मी कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. वाटलं होतं, खुर्चीतून उठतील. त्यांनी कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि म्हणाले, उपचार कर, पण कुठल्याही कागदावर तो शब्द लिहू नकोस. झटके लिही. मी म्हटलं, झटका हे दुखण्याचं नाव नाही. ते म्हणाले, इथे आहे.

माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण बाहेर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या.

शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी इंजेक्शनं मी मागवली आहेत. बिस्कुटला पाच दिवस दिली. आज हात पुढे नेला आणि त्याने डोळे मिचकावले. शिंपीणबाई रडल्या. मी नुसती दात आवळून उभी होते. एवढं सोपं होतं हे, आणि कितीजण मेले.

२३ मार्च

सुया शोधताना औषधांच्या खोलीत वरच्या फळीवर एक फाईल मिळाली. माझ्याआधीच्या डॉक्टरची. त्याच प्रयोगशाळेचे कागद. तेच आकडे. तीन वर्षांपूर्वीची तारीख.

या माणसाबद्दल मी एवढंच ऐकलं होतं, की त्याचं डोकं फिरलं, सगळ्यांशी भांडला, शेवटी भाऊ येऊन घेऊन गेला.

फाईल मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. विचारलं, तीन वर्षं? त्यांनी कोटाच्या खिशातून उजवा हात काढून टेबलाच्या कडेवर धरला. पंजा मनगटातून खाली लोंबला, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. वर उचलायला गेले तर बोटं नुसती थरथरली.

"मला काय माहीत नाही असं वाटतं तुला?" ते म्हणाले. "भट्टी बंद झाली की हे गाव उठेल. मग कुणाची कुत्री बरी करशील?"

मी विचारलं, मग मला बोलावलंत कशाला.

"झटके थांबवायला. थांबवतेस की."

मी खुर्ची लाथेने पाडली आणि बाहेर आले. नुकसान फक्त दुसऱ्यांचं होत असतं तर त्यांचं गप्प बसणं मला कदाचित समजलं असतं. स्वतःचा हात गेलेला बघूनही माणूस इतका शांत कसा राहतो? मला तो शांतपणा बघवत नाही.

२ एप्रिल

दोन आठवडे पोटात पिळवटून येतंय. डोकं दुखतं. झोप नाही. सगळ्यांचा राग येतो, दार वाजलं तरी.

आज ड्रेसरकाकांनी चुकीची बाटली पुढे केली आणि मी हातातला ट्रे त्यांच्यावर फेकला. कपाळाला लागलं. मी माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. त्यांनी स्वतःच कापूस लावला आणि म्हणाले, असू दे बाई, आधीचे डॉक्टरही याच ट्रेने मारायचे.

विनोद केला होता त्यांनी. मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

५ एप्रिल

सकाळी दात घासताना ओठ वर केला. हिरड्यांच्या काठाने निळसर काळी रेघ. पेन्सिलने ओढल्यासारखी.

पुसून बघितली. जात नाही.

दवाखान्यात दार लावून बोटाला सुई टोचली. काच तयार केली. मायक्रोस्कोपला डोळा लावायला मला पाच मिनिटं लागली. ठिपके. माझ्या रक्तात. बिस्कुटच्या काचेशेजारी माझी काच ठेवली तर कुठली कुणाची सांगता येणार नाही.

पण मी त्या डब्यांतलं पाणी पीत नाही. मग कुठून? घरी येऊन गच्चीत बसले. वहिनी नवऱ्याचे भट्टीवरचे कपडे धुण्याआधी झटकायला वर आली. रोज येते. पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहून झटकते, कारण तिथेच दोरी आहे. टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं. मी आत हात घातला, तळ खरवडला. करडा चिखल.

तीन महिने मी हे पाणी पितेय. ठकू जन्मल्यापासून.

६ एप्रिल

वहिनीला सगळं सांगितलं. ठकूच्या रक्ताचा एक थेंब मागितला. ती आधी ऐकत होती. मग तिचा चेहरा बदलला.

"माझ्या पोरीला कुत्र्यांच्या दुर्बिणीखाली घालणार तुम्ही?"

खोली सोडा म्हणाली. नवरा जिन्यात उभा होता. म्हणाला, तुम्ही आल्यापासून लोकांची भांडी लाथाडताय, आता माझ्या घरात शिरलात. मी ओरडले, तेही ओरडले, ठकू कानांवर हात ठेवून मधे उभी. मला एकदम वाटलं, आम्हा तिघा मोठ्यांच्या तोंडून बोलतंय कोण, आम्ही की शिसं?

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी वहिनी एकटीच वर आली, ठकूला कडेवर घेऊन. तिचं बोट पुढे केलं.

माझ्यापेक्षा जास्त ठिपके.

९ एप्रिल

आरोग्य खात्याला पत्र, काचांची छायाचित्रं, आकडे पाठवले होते. आज तिथल्या अधिकाऱ्याचा फोन. फार सौम्य बोलला. म्हणाला, तुमच्या मोठ्या डॉक्टरांचंही पत्र आलंय. तुम्ही आजारी आहात, रक्तात शिसं आहे, त्याने माणूस चिडतो, संशयी होतो, असं तुम्हीच लिहिलंय ना? आधी स्वतः उपचार घ्या.

फोन भिंतीवर आपटला.

माझं निदान माझ्याच तोंडावर मारलं. मी चिडले तर शिशाने चिडले. चिडले नाही तर तक्रारीत दम नाही. आणि भयंकर हे, की तो खोटं बोलत नव्हता. हा राग माझा किती आणि त्या चिखलाचा किती, मलाही सांगता येत नाही.

शहरातली मैत्रीण म्हणते, निघून ये. येईन. ठकूला घेऊन येईन. बाप नाही म्हणतो. सुट्टी घेतली तर भट्टीवर परत घेणार नाहीत. इंजेक्शनांच्या कपाटाला मोठ्या डॉक्टरांनी कुलूप घातलंय. आणि उघडं असतं तरी हेच पाणी पीत टोचून काय उपयोग.

आता प्यायचं पाणी मी शाळेच्या विहिरीवरून आणते, दोन्ही घरांचं. फार उशीर झालाय की थोडाच?

१३ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. म्हणून अक्षर असं.

कप उचलायला गेले आणि उजवं मनगट वर आलंच नाही. लोंबलं. मोठ्या डॉक्टरांसारखं. मेज धरून पंजा उलटा ठेवला, सरळ करायला बघितलं. जसं बिस्कुटचं बघितलं होतं तसं. नाही झाला.

ड्रेसरकाकांनी बघितलं. मायक्रोस्कोप उचलून खोलीवर पोचवला.

१५ एप्रिल

सकाळी जिना उतरले. ठकू ओसरीत उभी होती. पाठमोरी.

कपाळ भिंतीला टेकलेलं.

हाक मारली. हातोडी दाखवली. वळली नाही — हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले — हळूच भिंतीला ढकलत होती, डोक्याने —

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, कालपासून असंच करते, खेळ आहे तिचा.

१६ एप्रिल

सात वाजता किंकाळी. ठकूला झटका. चार मिनिटं — मी घड्याळ बघत होते. माझ्या पेटीतलं कुत्र्यांच्या झटक्यांचं औषध दिलं, मोजून, वजनाप्रमाणे. एका हाताने. वहिनीने पाय धरले. थांबला.

बापाने तिला उचललं आणि चपलाही न घालता बसथांब्यापर्यंत पळाला. भट्टीचं नाव नाही काढलं. नऊच्या बसने तिघे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. तिच्या काचा, माझ्या काचा, आधीच्या डॉक्टरची फाईल, सगळं वहिनीच्या पिशवीत घातलं.

वहिनी म्हणाली, चला आमच्याबरोबर. बसची पायरी चढायला गेले, पोटात असा पीळ आला की तिथेच बसले. बस थांबवू नका म्हटलं.

१७ एप्रिल

वहिनीचा फोन. ठकूने डोळे उघडले. पाणी मागितलं. तिथल्या बाई डॉक्टरांनी रक्त बघितलं, काचा बघितल्या, आणि थेट वरच्या साहेबांना फोन लावला. उद्या अकरा वाजता तपासणीचं पथक येतंय इथे. मला घेऊन जायला गाडीही त्यांच्याबरोबरच.

भिंतीला धरून रडले. मग बाहेर गेले.

दुपारपासून धुराडं बंद. भट्टीची माणसं हातगाड्या घेऊन गल्लीगल्लीतून काळे डबे गोळा करतायत. रस्ते धुतायत. आमच्या टाकीला नवं झाकण. तळ चकचकीत.

आणि कुत्री नाहीत. एकही. सगळ्या भिंती रिकाम्या. चहावाला म्हणाला, सकाळी गाडी आली, भरून नेली. शिंपीणबाई दारात बसलेल्या, हातात नुसता पट्टा. बिस्कुट बरा झाला होता. बरा केला होता मी त्याला.

मोठ्या डॉक्टरांच्या दारावर मुठी मारल्या. डाव्या हाताच्या. आतून कडी. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हणजे होते.

उरलंय काय आता दाखवायला. मी. माझा हात, माझ्या हिरड्या. ठीक आहे. उभी राहीन त्यांच्यासमोर तोंड उघडून, जनावराचे दात दाखवतात तशी. ओरडणार नाही. एक शब्द चढ्या आवाजात काढणार नाही. नाहीतर म्हणतील —

१८ एप्रिल

साडेदहा. तपासणीच्या खोलीत बसलेय. ड्रेसरकाकांनी चहा ठेवलाय. फाटकाशी उभे राहतो म्हणाले.

काय बोलायचं ते लिहून ठेवते. शब्द निसटतात हल्ली. एक, टाकी. दोन, डबे. तीन, भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरातली मुलं. आधी मुलं. माझं नंतर.

दहा पन्नास. जीपचा आवाज.

उजवा अंगठा हलतोय. मी हलवत नाहीये.

ओळखते मी हे. अंगठ्यापासून सुरू होतं, वर चढतं. मग पुरं अंग. आत्ता नको. त्यांच्यासमोर नको, मला उभं राहून सांगायचंय —

मनगट. कालपर्यंत मेलं होतं, आता उडतंय. कोपर. किती वेळ — दीड मिनिट —

पायऱ्यांवर बूट. मोठ्या डॉक्टरांचा आवाज, हळू, गोड. म्हणतायत, जरा जपून, बाई बिथरलेल्या असतात

ओठ ओढतोय उजवीकडे. हाक मारायला गेले काकांना — नाव येत नाही तोंडात — डावा हात चालतोय अजून — लिहिते — रक्त घ्या. आत्ता. झटका चालू असताना घ्या, मुलांचं घ्या, याचंही घ्या, याच्या खिशातला हात बाहेर काढा — मी चिडलेय, हो, चिडलेय म्हणून काय खोटं बोल